एकवीस पूर्ण व्हायच्या आत: अमेरिकेच्या मराठी नागरिकांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेले, इथे मत देणारे आणि इथली मराठी मंडळं चालवणारे सर्व मराठी बंधुभगिनी,



मी न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं इथेच जन्मलेली, म्हणजे जन्मानेच अमेरिकन नागरिक. पण प्रत्येक वर्गात दोन-चार मुलं अशी असतात, जी दोन-तीन वर्षांची असताना पुण्या-नाशकाहून, ठाण्याहून आईबापांच्या कडेवर बसून इथे आली. त्यांचा पासपोर्ट भारतीय आहे आणि इथलं राहणं वडिलांच्या नाहीतर आईच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून आहे. व्हिसाच्या कागदांत ती एच-४ वरची मुलं, डिपेंडंट. वयाला एकवीस वर्षं पूर्ण झाली की हा आधार संपतो. तोवर घरात ग्रीन कार्ड आलेलं नसेल, तर मुलाने स्वतःसाठी दुसरा व्हिसा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा. याला सगळे ‘एज आउट होणं’ म्हणतात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानांवर हे आलेलं आहे. तरी मंडळाच्या बैठकांत, गणपतीत, दिवाळीच्या फराळाला हा विषय निघाला की तुमच्याकडून जे ऐकायला मिळतं, त्याने मी अस्वस्थ होते. ‘रांगेत उभं राहायला हवं, आम्हीही राहिलो होतो.’ ‘ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.’ ‘मंडळाने राजकारणात पडू नये.’ बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. ढोल-ताशाच्या सरावाला हीच माणसं कुणाचंही मूल गाडीत घालून आणतात आणि घरी सोडतात. म्हणूनच त्यांच्या तोंडून हे ऐकवत नाही, आणि म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी रांगेविषयी. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि आशियातल्या शिकलेल्या माणसांसाठी या देशाचं दार उघडलं. त्या दारातून आलेले मराठी डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक म्हणजे आपल्या मंडळांची पहिली पिढी. त्यांच्यातल्या बहुतेकांचं ग्रीन कार्ड काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत आलं. परक्या देशात, फोनचे पैसे मोजून बोलण्याच्या काळात त्यांनी खूप सोसलं, यात वाद नाही. पण आजची रांग ती नव्हे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात आणि त्यांत नोकरदाराबरोबर त्याची बायको-मुलंही मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. आइसलंडला जी मर्यादा, तीच भारताला. वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये सरकारी आकडे जुळवून दाखवलं, की या रांगेत १८ लाख प्रकरणं तुंबली आहेत आणि त्यांतली ११ लाख भारतीयांची आहेत. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते असतं. २०२५ साल संपत आलं तेव्हाही नोकरीच्या आधारावरच्या ईबी-२ आणि ईबी-३ या भारतीयांच्या दोन्ही रांगांची तारीख २०१३ मध्येच होती. अर्ज भरला तेव्हा नऊ वर्षांचं असलेलं मूल तोवर एकवीस ओलांडून गेलेलं असतं.

तुम्ही म्हणता रांगेत उभं राहा, तर ही कुटुंबं रांगेतच उभी आहेत. एच-१बीची एरवीची मुदत सहा वर्षांची. पण २००० सालच्या कायद्यामुळे, मालकाने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असला की ती तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळते. त्यामुळे बाप केस पांढरे होईपर्यंत रांगेत उभा राहू शकतो, आईही राहू शकते. फक्त मूल राहू शकत नाही. सबंध कुटुंबाने एकाच दिवशी, एकाच अर्जावर रांग धरली, आणि त्यातून बाहेर काढलं जातं ते एकट्या मुलाला, तेही त्याचा वाढदिवस आला म्हणून. तुमच्या पिढीच्या वाट्याला हे आलं नव्हतं. ‘आम्हीही उभे राहिलो’ हे वाक्य म्हणूनच इथे लागू पडत नाही आणि ते तुम्ही थांबवावं, ही माझी पहिली विनंती.

मुलांचं वय गोठवणारा एक कायदा आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, ऑगस्ट २००२ चा. तो आहे म्हणून काळजीचं कारण नाही, असं मला मंडळाच्या एका बैठकीत सांगण्यात आलं. तो कायदा करतो काय, तर नंबर लागेल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस सरकारी कचेरीत पडून होता तितके दिवस वजा करतो. रांगेत उभं राहण्यात गेलेली वर्षं वजा होतच नाहीत. यात आणखी एक खोच आहे. ज्या आईबापांनी काम लवकर व्हावं म्हणून जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं, त्यांचा आय-१४० दोन-तीन आठवड्यांत मंजूर झाला, म्हणजे त्यांच्या मुलाच्या वयातून वजा व्हायला दोन-तीन आठवडेच उरले. ज्यांचा अर्ज सहा-आठ महिने रखडला, त्यांच्या मुलाला तेवढे महिने मिळाले. दहा वर्षांपूर्वी अर्ज भरताना पुढचं हे गणित त्या आईबापांसमोर कुणी मांडलं होतं?

शिवाय नियम बदलत राहतात. वय मोजायला व्हिसा बुलेटिनमधला कुठला तक्ता धरायचा, याबाबत फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांना सोयीचा निर्णय झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. आपलं मूल वाचलं, असं समजून अडीच वर्षं झोपलेल्या घरांत पुन्हा तारखा मोजणं सुरू झालं.

आता या मुलांच्या रोजच्या जगण्याविषयी, कारण एकविसाव्या वाढदिवसाची सावली चौदाव्या-पंधराव्या वर्षीच पडायला लागते. वर्गातली मुलं सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर सुट्टीतली कामं धरतात. एच-४ वरच्या मुलाला एक डॉलरही कमावता येत नाही. २०१५ साली एच-४ वरच्यांना कामाचा परवाना मिळण्याची सोय झाली ती काही अटींवर आणि केवळ जोडीदारासाठी, मुलांसाठी नाही. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. बऱ्याच राज्यांत गाडीचं लायसन्स आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरच्या तारखेलाच संपतं, मग वडिलांच्या व्हिसाची मुदतवाढ येईपर्यंत मुलाने गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. कॉलेजची केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. राज्याच्या विद्यापीठात घरच्या विद्यार्थ्याची फी घेतील की परदेशी विद्यार्थ्याची, हे राज्याराज्यावर आणि काही ठिकाणी समोर बसलेल्या कारकुनावर ठरतं.

आमच्या शाळेत लहान गटाला शिकवायला मदत करणारी एक मुलगी होती. तिसऱ्या वर्षी इथे आलेली, बारावीत. बाराखडी शिकवताना तिने मुलांसाठी पत्त्यांचा एक खेळ केला होता, तो आम्ही अजून वापरतो. तिला एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात काम मिळालं, जीवशास्त्राचं, तिला हवं तसंच. पगार होता, म्हणून घेता आलं नाही. ‘मी फुकट करते’ असं तिने लिहिलं, तर कचेरीने कळवलं की ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते बिनपगारीसुद्धा करता येणार नाही. ते नियमाप्रमाणे बरोबरच होतं. त्याच वर्षी आपल्या एका मंडळाने बारावीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. मराठीत निबंध, समाजसेवेचे तास, शिक्षकांचं शिफारसपत्र. शिफारसपत्र मी आनंदाने लिहिलं. अर्जाच्या तळाशी अट होती: अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा.

माझी दुसरी विनंती या एका ओळीविषयी आहे. सरकारची अट मी समजू शकते, ते सरकार आहे. पण हा पैसा आपला. गणपतीच्या आरतीच्या ताटात पडलेला, नाटकाच्या तिकिटांतून उरलेला, देणगीदारांनी मराठी मुलांसाठी म्हणून दिलेला. आपल्याच मुलांपैकी कोण पात्र हे ठरवताना इमिग्रेशनचे कागद तपासायला आपल्याला कुठल्याही कायद्याने सांगितलेलं नाही. मी विचारलं, तर उत्तर मिळालं की दुसऱ्या कुठल्यातरी शिष्यवृत्तीचा नमुना समोर ठेवून अर्ज बनवला होता, त्यात ती ओळ होती. असेलही. मग ती काढायला काय हरकत आहे? ती मुलगी आपल्याच शाळेत दर रविवारी आपल्या मुलांना शिकवत होती. समाजसेवेच्या तासांच्या रकान्यात तिने लिहिलेले तास आपल्याच शाळेतले होते. ज्या ज्या मंडळाच्या अर्जात ही ओळ आहे, त्यांनी येत्या वर्षाचे अर्ज छापण्यापूर्वी ती खोडावी.

त्या मुलीची धाकटी बहीण इथली नागरिक आहे. एका घरात, एका ताटात जेवणाऱ्या दोघी. धाकटीला सोळाव्या वर्षी काम, अठराव्या वर्षी मत, मनाला येईल तेव्हा आजीला भेटायला सोलापूर. थोरलीने सोलापूरला जायचं म्हणजे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत पासपोर्टवर शिक्का मिळेल की नाही, कधी मिळेल, शाळा बुडेल का, याचा हिशोब. आजोबा गेले तेव्हा घरातली दोन माणसं गेली आणि दोन राहिली. धाकटीने एकवीस पूर्ण झाल्यावर बहिणीसाठी अर्ज करावा असं कुणी सुचवतं. भावंडांच्या त्या रांगेत भारतीयांना दीड-दोन दशकं जातात.

एकवीस झाल्यावर पुढे काय? बहुतेक मुलं एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतात. त्या व्हिसाची अट अशी की आपलं घर परदेशात आहे आणि ते सोडण्याचा आपला इरादा नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. किंडरगार्टनपासून ज्या गावात शाळेत गेली, ते आपलं घर नव्हे, असं या मुलांनी अधिकाऱ्यासमोर सांगायचं. शिक्षण झालं की एक वर्ष काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत आणखी दोन. मग एच-१बीची सोडत: वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. देशात राहूनच स्टेटस बदलणाऱ्यांना त्यातून वगळल्याचं नंतर सांगितलं गेलं, पण छोट्या कंपन्या बिचकल्या त्या बिचकल्याच. आणि समजा सोडतीत नंबर लागला, तर ज्या रांगेत आईबाप वर्षानुवर्षं उभे आहेत, तिच्या शेवटी हे पोर नव्याने उभं राहणार.

२०१२ मध्ये लहानपणी आणलेल्या मुलांसाठी डाका योजना आली, तिच्यातही ही मुलं बसत नाहीत. त्या योजनेला १५ जून २०१२ रोजी कायदेशीर स्टेटस नसणं ही अट आहे, आणि या मुलांच्या आईबापांनी त्यांचं स्टेटस एक दिवसही तुटू दिलेलं नाही. त्या इतर मुलांना मिळालं ते काढून घ्यावं, असं मी कधीही म्हणणार नाही. त्यांचं दुःख याहून मोठं आहे. पण आपल्या लोकांत काही जण ‘आमची मुलं त्यांच्यासारखी नाहीत’ या सुरात बोलतात, त्याने काही साधत नाही आणि ते बरंही दिसत नाही.

‘मग परत जावं की, काय बिघडलं?’ हेही ऐकलंय, तेही वीस वर्षांत चार दिवाळ्यासुद्धा तिकडे न काढलेल्या माणसांकडून. महाराष्ट्रात मेडिकलला राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. न्यू जर्सीच्या हायस्कूलमधून बारावी झालेल्या मुलाला तिथे जागा नाही. भारतीय पासपोर्ट हातात असून तिथल्या कॉलेजच्या खिडकीवर ते परदेशातून आलेलं, आणि इथल्या खिडकीवरही. काही कुटुंबं यातून मार्ग काढायला कॅनडाला जातात. तिथे अवलंबित मुलाची मर्यादा बावीस वर्षांखालची आहे आणि वय धरतात ते अर्ज पोचल्याच्या दिवसाचं. रांग कितीही लांबो, मूल अर्जावर लहानच राहतं. शेजारच्या देशाला जे जमलं ते इथे अशक्य आहे, असं मला वाटत नाही.

इथे मी तिसऱ्या विषयाकडे येते. मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याविषयी.

या मुलांच्या आईबापांना मत नाही. ते कर भरतात, सोशल सिक्युरिटी भरतात, घरांचे हप्ते भरतात, पण खासदाराच्या कचेरीत फोन केला तर पलीकडची व्यक्ती पहिल्यांदा विचारते की तुम्ही या मतदारसंघातले मतदार आहात का. मुलांना तर मत नाहीच. त्यांच्यासाठी बोलू शकतील असे मराठी बोलणारे लोक तुम्ही आहात. आणि तुम्ही म्हणता, मंडळ ही ना-नफा संस्था आहे, ५०१ (सी)(३), राजकारण केलं तर करसवलत जाईल. कायदा असा नाही. ५०१ (सी)(३) संस्थेला निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करायला पूर्ण बंदी आहे. पण एखाद्या कायद्याच्या बाजूने मत मांडायला, सभासदांना खासदाराला लिहा असं सांगायला, मर्यादेत राहून पाठपुरावा करायला बंदी नाही. मंडळाच्या हिशेबनिसांना विचारा, तेही हेच सांगतील. उद्या मराठी शाळेच्या जागेचा प्रश्न आला तर आपण टाउनशिपच्या सभेला रांग लावून उभे राहतोच ना?

आणि मागायचं काय हेही नव्याने शोधायला नको. जुलै २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या डेबोरा रॉस यांनी प्रतिनिधीगृहात ‘अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट’ हे विधेयक मांडलं. सोबत दोन्ही पक्षांचे सदस्य होते. सिनेटमध्ये ते डेमोक्रॅट अ‍ॅलेक्स पडिया आणि रिपब्लिकन रँड पॉल यांनी आणलं. एरवी क्वचितच एका बाजूला दिसणारी ही दोन माणसं. विधेयकात तीन गोष्टी होत्या. मुलाचं वय अर्जाच्या तारखेला गोठवायचं. सोळा वर्षांवरच्या अवलंबितांना कामाचा परवाना द्यायचा. आणि दहा वर्षं इथे कायदेशीर राहून पदवी घेतलेल्यांना स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डाची वाट मोकळी करायची. जुलै २०२२ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडलेली या आशयाची दुरुस्ती प्रतिनिधीगृहात मंजूरही झाली. वर्षअखेरच्या अंतिम मसुद्यात ती उरली नाही. २०२३ मध्ये विधेयक पुन्हा मांडलं गेलं.

हे सगळं उभं केलं कुणी? लहानपणी आईवडिलांच्या व्यवसायाच्या व्हिसावर इलिनॉयमध्ये वाढलेल्या दीप पटेल या तरुणाने २०१७ मध्ये ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’ ही संघटना काढली. अशी मुलं सगळ्या देशांची मिळून दोन लाखांहून अधिक असतील, असा तिचा अंदाज आहे. विशीतल्या पोरांनी कॅपिटॉलच्या पायऱ्या झिजवल्या, कमिटीसमोर साक्षी दिल्या. त्यांच्यातल्या काहींची स्वतःची मुदत हे करता करता संपली. ज्यांचं इथलं राहणंच धोक्यात आहे ती मुलं पुढे आहेत, आणि ज्यांच्या हातात अमेरिकन पासपोर्ट आहे ती माणसं मागे. याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या आधीच्यांनी असं केलं नव्हतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व घेता येणार नाही असा निकाल दिला आणि ज्यांनी घेतलं होतं त्यांच्यातल्या अनेकांचं काढून घेतलं गेलं. ते दार पुन्हा किलकिलं व्हायला १९४६ उजाडलं. त्यासाठी न्यूयॉर्कचे व्यापारी जे. जे. सिंग यांनी इंडिया लीग ऑफ अमेरिकाच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. मिळाला काय, तर वर्षाला शंभर माणसांचा कोटा आणि नागरिक होण्याचा हक्क. शंभर! पण त्या हक्काच्या जोरावर दलीपसिंग सौंद नागरिक झाले आणि १९५६ च्या निवडणुकीत काँग्रेसमध्ये निवडून आले. आज आपली संख्या लाखोंच्या घरात आहे. जानेवारी २०२३ मध्ये बेळगावात वाढलेले, मराठीत ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात गेले. आपल्या कार्यक्रमांना अशी माणसं येतात, आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो. ठाणेदार असोत की दुसरे कुणी खासदार, व्यासपीठावरून एक प्रश्न विचारायची पद्धत ठेवा: एज आउट होणाऱ्या मुलांच्या विधेयकाला तुमचा पाठिंबा आहे का, आणि नसेल तर का नाही. सत्कार त्यानंतर करा.

उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. २०२२ मध्ये अटलांटिक सिटीला, २०२४ मध्ये सॅन होजेला अधिवेशनं झाली. हजारो माणसं येतात, त्यांतले कितीतरी मतदार. पुढच्या अधिवेशनांत या विषयाला मुख्य सभागृहातला एक तास मिळावा, अशी संयोजकांना विनंती आहे. बाजूच्या छोट्या खोलीत नको, जिथे ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे तेच येऊन बसतील. ज्यांच्या घरी तो नाही, त्यांनी ऐकायला हवं.

आणखी एक काम आहे, त्याला ना राजकारण लागतं ना मोठा निधी. मुलगा बारा वर्षांचा झाला की आईबापांना घेऊन बसेल असा इमिग्रेशन वकील वर्षातून दोनदा मंडळाने बोलवावा. घरोघर हा विषय लपवला जातो. मुलाच्या मनावर ताण नको म्हणून सतराव्या वर्षापर्यंत सांगत नाहीत, मग कॉलेजच्या अर्जात ‘नागरिकत्व’ या रकान्यापाशी मुलाला कळतं. शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटते, जणू आपलंच काही चुकलं. दहा घरं एका खोलीत आली तर ती लाज जाईल. माहितीनेही फरक पडतो. ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशावर ठरते, पासपोर्टवर नाही, आणि नवरा-बायकोपैकी एकाच्या जन्माचा देश दोघांना लावता येतो. आपल्यात कितीतरी जणींचा जन्म वडिलांच्या नोकरीमुळे कुवेत, मस्कत, दुबईत झालेला आहे. ज्या कुटुंबाला हे वेळेत कळलं त्याची रांगच बदलली. मी अशी एक आई पाहिली, जिला हे मुलगा एकोणिसाचा झाल्यावर कळलं आणि तरी ते पुरलं. ते तिला पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं, आणि सांगू शकणारे दोन वकील तिच्याच मंडळाचे सभासद होते.

दिवाळीनंतर बहुतेक मंडळांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. आपल्या मंडळाच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घ्या: मंडळ या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याला पाठिंबा देत आहे, आपल्या भागातल्या प्रतिनिधीला आणि दोन्ही सिनेटरांना तसं लेखी कळवत आहे, आणि मंडळाच्या शिष्यवृत्तीला यापुढे इमिग्रेशनची अट राहणार नाही. मराठी आणि इंग्रजी मसुदा मी तयार ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी कळवावं, त्याच दिवशी पाठवीन. बत्तीस पानी स्मरणिकेत याला एक पान मिळालं तरी चालेल, पण ठराव मात्र सभेत वाचला जावा आणि हात वर करून मतं मोजली जावीत.



आपली नम्र,
रविवारच्या मराठी शाळेतली एक शिक्षिका
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी